गॉथेनबर्गला नणंद, हार्डांगरला लग्न: अठरा दिवसांचा प्रवास कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब: नवरा-बायको, सासूबाई (६८) आणि सासरे (७३). नणंद नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला राहते. नवऱ्याचा जुना नॉर्वेजियन मित्र जूनच्या शेवटच्या शनिवारी नॉर्वेतल्या हार्डांगर फ्योर्डच्या (डोंगरांमधे आत शिरलेल्या खाडीच्या) काठी, उल्विक गावी लग्न करतोय. हातात १८ दिवस आहेत. व्हिसा कोणत्या देशाचा घ्यायचा, आधी कुठे जायचं, लग्नात काय घालायचं आणि याच फेरीत डेन्मार्क-फिनलंडही होईल का, असं ताईंनी विचारलं आहे.

मी स्वीडनमध्ये राहतो. इथल्या मराठी मंडळींचे आईवडील भेटीला येतात तेव्हा त्यांची आखणी आणि कागदपत्रं बरीच वर्षं पाहत आलो आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फिनलंड सोडा. डेन्मार्कही सोडा, किंवा नणंदेकडून एखाद्या दिवसापुरतं ठेवा. नकाशावर हे देश एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण गॉथेनबर्गहून ऑस्लो साधारण ३०० किलोमीटर, तिथून पुढे उल्विकजवळच्या वॉस स्टेशनापर्यंत रेल्वेने साडेपाच तासांच्या आसपास आणि मग उल्विकचा घाटरस्ता. तुमच्या प्रवासात तारीख पक्की असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे लग्न. त्याच्या मागेपुढे जे दिवस उरतात ते माणसांसाठी ठेवा. १० दिवस गॉथेनबर्ग आणि ८ दिवस नॉर्वे अशी विभागणी मला योग्य वाटते.

सगळ्यात आधी काय करायचं, तर उल्विकची खोली धरायची. व्हिसाच्याही आधी. फ्योर्डकाठच्या गावात हॉटेलं मोजकी असतात आणि लग्नाचे पाहुणेच ती भरून टाकतात. मित्राला आजच विचारा की पाहुण्यांसाठी काही खोल्या राखून ठेवल्या आहेत का. बहुतेक वेळा ठेवलेल्या असतात, पण त्या अमुक तारखेपर्यंतच. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा. शनिवारी दुपारचं लग्न गाठायला शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी पोहोचायचा बेत करू नका. उन्हाळ्यातच तिकडे रुळांची कामं निघतात, मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात आणि दोन तासांचे चार होतात.

आता व्हिसा. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड हे पाचही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. नॉर्वे युरोपीय संघात नाही म्हणून त्याचा वेगळा व्हिसा लागेल, असं अजूनही कुणीतरी सांगतं. ते चूक आहे. एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात, आणि तो सिंगल एंट्री असला तरी पुरतो, कारण स्वीडनमधून नॉर्वेत जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं नव्हे. अर्ज मात्र जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. तुमचे १० दिवस स्वीडनचे, म्हणून अर्ज स्वीडनकडे. लग्न नॉर्वेत आहे हे लपवू नका. कव्हर लेटरमध्ये दोन्ही गोष्टी सरळ लिहा: मुलीची भेट हा मुख्य हेतू, आणि अमुक तारखेला मित्राचं लग्न. लग्नपत्रिका आणि मित्राचं छोटं निमंत्रणाचं पत्र जोडा. कागद आणि प्रवासाचा आराखडा एकमेकांशी जुळले की अधिकाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही.

फी प्रौढांना ९० युरो (जून २०२४ पासून), शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ पर्यंत जातात. पण खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. एप्रिल-मेमध्ये त्या भराभर संपतात. जूनअखेरच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज गेलेला बरा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

नणंदेकडून दोन कागद लागतील: स्वीडिश इमिग्रेशन खात्याचा भरून सही केलेला निमंत्रणाचा फॉर्म, आणि तिथल्या कर खात्याकडून मिळणारा तिच्या नोंदणीचा दाखला, ज्याला तिकडे 'पेर्शूनबेविस' म्हणतात. तो काढताना व्हिसासाठी हवा आहे असं निवडायला सांगा, म्हणजे घरातल्या सगळ्यांची नोंद त्यावर येते. खर्चासाठी स्वीडन दर माणशी दिवसाला ४५० क्रोना धरतं. राहणं-जेवण नणंदेकडे असेल तर त्यापेक्षा कमी चालतं. इकडून बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीवाल्यांचं रजेचं पत्र आणि सासऱ्यांच्या पेन्शनचा कागद.

आपल्याकडच्या अर्जांत हमखास अडखळायला होतं ते नात्याच्या पुराव्यावर. आईच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, मुलीच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि कधी कधी नावही बदललेलं. स्वीडिश अधिकाऱ्याला या दोघी मायलेकी आहेत हे कागदावरून कळणार कसं? म्हणून नणंदेचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. जन्मदाखल्यावर नुसतं 'बेबी' किंवा पाळण्यातलं वेगळं नाव असेल तर हे काम आत्ताच हाती घ्या. नाव लावून घ्यायला महानगरपालिकेत वेळ जातो.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा सक्तीचा आहे. सासऱ्यांच्या वयाला स्वस्तात स्वस्त पॉलिसी घेऊ नका. मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी जे असेल ते जाहीर करा आणि आधीच्या आजारातून उद्भवलेली तातडीची परिस्थिती त्यात येते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. पर्यटकाला तिथल्या इस्पितळात पूर्ण दर लागतो आणि तो मोठा असतो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत.

विमानाचं तिकीट जाताना गॉथेनबर्गचं (विमानतळाचं नाव लांडव्हेटर) आणि येताना नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहरातून, असं एकाच बुकिंगमध्ये काढा. कोपनहेगनचं तिकीट स्वस्त दिसेल आणि तो मार्ग सोयीचाही आहे: विमानतळाखालूनच रेल्वे निघते, २००० साली सुरू झालेल्या ओरेसुंड पुलावरून स्वीडनमध्ये शिरते आणि साडेतीन-चार तासांत गॉथेनबर्ग. तुम्ही दोघंच असता तर मी हेच सुचवलं असतं. पण रात्रभराच्या विमानप्रवासानंतर सासू-सासऱ्यांना बॅगांसह आणखी चार तास बसवण्यापेक्षा इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे थेट लांडव्हेटरला उतरवा. तिथून शहर अर्ध्या तासावर आहे. कोपनहेगनमार्गे गेलातच तर पासपोर्ट हाताशी ठेवा. पूल ओलांडल्यावर स्वीडनच्या बाजूला, ह्यूली स्टेशनात गाडीतच तपासणी होऊ शकते. शेंगेनमध्ये पहिल्यांदा शिराल तिथे आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो घेतात आणि बोटांचे ठसे तपासतात. त्यामुळे फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलणार असाल तर मधे अडीच-तीन तास हवेत.

बॅगेत काय भरू नये, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे आईचा जीव गुंतलेला असतो. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, कुंदा, चक्का, साजूक तूप, काही नाही. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. हापूसची पेटी या यादीत नाही. कढीपत्ताही नाही. लेकीसाठी जपून आणलेले आंबे विमानतळावर टाकून द्यावे लागतात तेव्हा आईचा चेहरा बघवत नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. गोडा मसाला, मेतकूट, भडंग, चिवडा, पापड, कोरडी लसणाची चटणी, भाजणी हे सगळं जातं. तूप आणि पनीर गॉथेनबर्गच्या भारतीय दुकानांत मिळतं.

लग्नासाठी सोन्याचे दागिने नेणार असाल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना हे दागिने आपलेच होते, हे सिद्ध करायचा तोच खात्रीचा मार्ग आहे. थोडं लवकर जावं लागतं, पण करा. खरं तर दोन पाटल्या आणि एक गळ्यातलं यापलीकडे तिथे काही लागत नाही.

गॉथेनबर्गचे दिवस. नणंदेचं घर दोन-तीन खोल्यांचं असेल, त्यात चार माणसं दहा दिवस म्हणजे गर्दी. स्वीडनमधल्या पुष्कळ हाउसिंग सोसायट्यांची स्वतःची एक पाहुण्यांची खोली किंवा छोटा फ्लॅट असतो; सभासदाला तो हॉटेलच्या मानाने फार थोड्या भाड्यात मिळतो. नणंदेला लगेच चौकशी करायला सांगा, उन्हाळ्याच्या तारखा आधी जातात. तुम्ही दोघं तिथे झोपा, आईवडील मुलीकडे. कपडे धुण्याची खोली बहुतेक इमारतींत सामाईक असते आणि तिची वेळ आधी नोंदवावी लागते. आपल्याला वाटेल तेव्हा मशीन लावता येत नाही. आणि रात्री दहानंतर आवाज नाही, हे तिकडे सगळे मनापासून पाळतात.

जूनअखेरीला रात्री अकरालाही उजेड असतो. सासू-सासऱ्यांची झोप यानेच बिघडते, दगदगीने नव्हे. डोळ्यांवरच्या पट्ट्या इथूनच घ्या, रात्रीच्या गोळ्या घड्याळ बघून द्या आणि बाहेर ऊन आहे म्हणून जेवण लांबवू नका.

फिरायला मी दक्षिणेकडची बेटं सुचवेन. ट्रामने साल्टहोल्मेनच्या धक्क्यापर्यंत आणि तिथून त्याच तिकिटावर बोटीने स्टिर्सो किंवा व्रॉन्गो. बेटांवर मोटारी नाहीत, चढ फारसे नाहीत, बसायला खडक आणि बाकं आहेत. ज्येष्ठांना यापेक्षा निवांत जागा शहरात नाही. एक दिवस हागा भागातली जुनी लाकडी घरं आणि तिथला ताटलीएवढा दालचिनीचा बन. स्लॉट्सस्कोगेन बागेतले प्राणी बघायला तिकीट नाही. उरलेले दिवस मोकळे सोडा. आई तीन वर्षांनी लेकीच्या स्वयंपाकघरात उभी राहणार आहे. त्या सकाळी बसने भटकण्यात घालवू नका.

एक तारीख मात्र आधी बघून घ्या. १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी स्वीडनमध्ये मिडसमर असतो. त्या दिवशी दुपारनंतर शहर रिकामं होतं, दुकानं आणि हॉटेलं मोठ्या प्रमाणावर बंद, गाड्या कमी. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी प्रवास ठेवू नका. नणंदेच्या सहकाऱ्यांपैकी कुणी बोलावलं तर आवर्जून जा. फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती लहानथोर फेर धरतात, नवे बटाटे, बडीशेपीसारख्या वासाचा डिल आणि स्ट्रॉबेरी असते. शाकाहाऱ्यांनाही त्या ताटात बरंच काही मिळतं.

लग्नाच्या आठवड्यात मंगळवारी गॉथेनबर्गहून ऑस्लो. रेल्वेने किंवा बसने साडेतीन-चार तास. ऑस्लोत दोन रात्री. गुरुवारी सकाळी बर्गन लाइन. ही गाडी १९०९ पासून डोंगर ओलांडतेय; फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे आणि जूनमध्येही खिडकीतून बर्फ दिसतो. तिकिटं काही महिने आधी विक्रीला येतात, सुरुवातीला सर्वांत स्वस्त असतात. ६७ वर्षांवरील प्रवाशांना सवलतीचं तिकीट असतं, ते 'होन्नोर' नावाने दिसेल. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. वॉसला उतरून उल्विक साधारण तासाभरावर. बस आहे, पण फेऱ्या थोड्या, म्हणून मित्राला विचारून कुणाच्या गाडीत जागा मिळते का ते पाहा. स्वतः गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नॉर्वे आणि स्वीडन दोन्हीकडे रक्तातल्या मद्याची मर्यादा हजारी ०.२ आहे. एका ग्लासानेही ती ओलांडली जाऊ शकते. लग्नाच्या रात्री ज्याने काहीही घेतलं असेल त्याने चावीला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही लवकर नाही.

आता लग्न. पत्रिकेवर उत्तर देण्याची अंतिम तारीख असते. ही पत्रिका आपल्याकडच्या 'सहकुटुंब सहपरिवार'सारखी नसते. जितकी नावं लिहिली आहेत तितक्याच खुर्च्या असतात. सासू-सासऱ्यांची नावं पत्रिकेवर नसतील तर मित्राला मोकळेपणाने विचारा. तो नाही म्हणाला तर ते लग्नविधीला येऊ शकतात का हे विचारा. चर्चमधला विधी बहुधा सगळ्यांना खुला असतो, मर्यादा जेवणाची असते. शाकाहार लेखी कळवा आणि मासे, अंडी, जिलेटिन चालत नाही हे वेगवेगळं लिहा, कारण नुसत्या 'शाकाहारी'वर मासा वाढला गेल्याचं मी पाहिलं आहे.

हार्डांगर आणि वॉस हा भाग लग्नाच्या जुन्या रीतींसाठी नॉर्वेभर प्रसिद्ध आहे. पाहुण्यांपैकी कितीतरी जणी बुनाड घालून येतील. हा त्या त्या भागाचा पारंपरिक पोशाख, चांदीच्या ब्रोचांसह, पुष्कळदा आजीकडून नातीकडे आलेला. हार्डांगरचा बुनाड म्हणजे लाल चोळी आणि पांढऱ्या भरतकामाचा एप्रन. त्यामुळे पैठणी किंवा इरकल नेसून गेलात तर तुम्ही वेगळ्या दिसणार नाही, उलट बायका जवळ येऊन काठ-पदर बघतील आणि कुठल्या गावची म्हणून विचारतील. पांढरी आणि मोतिया रंगाची साडी टाळा. स्वीडनमध्ये पाहुण्या बाईने लाल घालू नये असा एक जुना समज आहे. नॉर्वेत ते तितकं मानत नाहीत, तरी लाल पैठणीच नेसायची असेल तर नवरीला एक मेसेज करा. पुरुषांसाठी पत्रिकेवर 'गडद सूट' लिहिलेलं असेल तर बंदगळा चालतो. साडीखाली थर्मल, वर लोकरीची शाल, पायात टाच नसलेले बूट. चर्चबाहेर खडी असते आणि पाऊस कधीही येतो.

वऱ्हाडाच्या पुढे हार्डांगर फिडल वाजवणारा चालला तर कान देऊन ऐका. या फिडलला वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात, ज्यांना गज लागत नाही. त्या नुसत्या अनुनादाने घुमतात. सारंगीच्या तरफा ऐकलेल्या माणसाला तो नाद लगेच ओळखीचा वाटतो. सासऱ्यांना गाण्याचा कान असेल तर एवढ्यासाठी तरी त्यांना चर्चच्या दारापर्यंत न्या. विधी संपल्यावर बाहेर वधूवरांवर तांदूळ टाकायची रीत तिथेही आहे. आपल्या अक्षता नेल्यात तर छान, पण काही चर्चमध्ये तांदूळ टाकू देत नाहीत, म्हणून आधी विचारा.

जेवण चार-पाच तास चालतं, आणि ते भाषणांमुळे. सूत्रसंचालक एकेकाला बोलावतो: वडील, नवरा, नवरी, मित्र. तुमच्या नवऱ्याला बोलायचं असेल तर आठवडाभर आधी त्या सूत्रसंचालकाला कळवावं लागतं. आयत्या वेळी उठून बोलत नाहीत. चार मिनिटं पुरेत. आशीर्वाद म्हणून एखादी मंगलाष्टका म्हणायची असेल तर तीही याच यादीत घालून घ्या, लोक फार आपुलकीने ऐकतात. चषक उंचावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. त्यात पाणी असलं तरी चालतं. नाच आणि केक झाल्यावर मध्यरात्रीच्या सुमाराला पुन्हा काहीतरी गरम खायला देतात. ज्येष्ठांनी तोवर थांबायची अपेक्षा नसते, पण पहिल्या नाचाआधी निघू नये. आहेराची पाकिटं सहसा नसतात. जोडप्याची भेटवस्तूंची यादी असते. तिच्यातलं एक काही घ्या आणि सोबत घरून आणलेलं हातमागाचं छोटं काहीतरी द्या.

रविवारी नॉर्वेत बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे दही, ब्रेड, फळं शनिवारी सकाळीच घेऊन ठेवा. रविवारी दुपारी वॉसला या आणि दोन रात्री तिथेच राहा. सोमवारी बॅगा हॉटेलात ठेवून फेरी करा: बसने गुडवांगेन, बोटीने नेरोयफ्योर्डमधून फ्लोम, छोट्या डोंगरी रेल्वेने म्युर्दाल आणि परत वॉस. हीच फेरी ऑस्लोहून येताना सामानासकट करायला सांगतात. ज्येष्ठांसोबत तसं करू नका. सासू-सासरे थकले असतील तर वॉस स्टेशनातूनच केबलकार वर जाते, त्यांना तेवढंच पुरेल. मंगळवारी बर्गन आणि बुधवारी विमान. बर्गनला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस असतो, छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

पैशांबद्दल एवढंच, की रोख जवळपास लागत नाही आणि स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क तिन्ही देशांचं चलन वेगळं आहे. कार्ड मशीनने रुपये की क्रोना विचारलं तर क्रोना निवडा. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं. तातडीला स्वीडनमध्ये ११२. नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३.

परत आल्यावर बोर्डिंग पास आणि जुना व्हिसा जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. सासूबाईंना लेकीकडे पुन्हा जायचंच असणार, म्हणून पुढची फेरी या तीन वर्षांच्या आत बसेल अशीच ठेवा.